ताईच्या मांडीतला दांडा

कारखान्यात त्याला सगळे पांढरोबा म्हणायचे. टायटॅनियमच्या दांड्यांवर चूर्णाचा लेप चढवता चढवता उभं आयुष्य गेलं, आणि भुवया अशा पांढऱ्या झाल्या की चूर्ण कुठलं नि वय कुठलं, ते त्यालाही सांगता येईना. खुबा निकामी झालेल्यांच्या मांडीत हे दांडे बसवतात. आधी दांडा खरबरीत करायचा, लेप नको तिथं टोपी घालायची, मग बंद खोलीत चूर्ण वितळवून फवारणारी प्लाझ्माची बंदूक सुरू. तिचा आवाज असा, की घरी आल्यावरही कानात ती चालूच.

तसलाच एक दांडा ताईच्या मांडीत बसला. ताई म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला लहानाचा मोठा केला. डॉक्टरांनी बजावलं होतं, दीड महिना वॉकरशिवाय पाऊल टाकायचं नाही. पण सून कामावर गेली की ताई वॉकर बाजूला सारून स्वयंपाकघरात हजर. म्हणून पहिली पाळी संपली की पांढरोबा पाय ओढत राखणीला यायचा.

त्या दुपारी तो आला, तर वॉकरवर ओले टॉवेल वाळत होते आणि ताई ओट्यापाशी, भिंत धरून.

"ताई, अगं काय हे?"

"टॉवेल आहेत. कधी पाहिले नाहीस?"

त्यानं तिला धरून आणून पलंगावर बसवलं. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. खुर्ची ओढून तो तिच्यासमोर टेकला.

"हे बघ, लेपातलं चूर्ण हाडातल्याच जातीचं. हाडाला वाटतं, हे आपलंच. मग ते हळूहळू वाढत येऊन दांड्याला बिलगतं."

"म्हणजे जन्मभर तू हाडांना फसवत आलास."

"फसवतो म्हण. पण दांडा हलत राहिला तर हाड फसत नाही. मध्ये नुसती चिवट साय धरते, दांडा ढिला तो ढिलाच. मग पुन्हा चिरफाड."

ताई म्हणाली, "अन् तोवर मी फळीसारखी पडून राहू? मला नाही जमत रे. हात शिवशिवतात."

पांढरोबा काहीतरी बोलणार होता. पण शब्द जुळवता जुळवताच त्याची मान कलली आणि गाल पलंगाच्या कडेवरच्या तिच्या हातावर टेकला. घोरायलाही लागला.

आत नळ टपटपत होता. ताईनं दोनदा तिकडे पाहिलं. हात काढावा, तर हा जागा होणार. भुवईवरची पांढरी धूळ तिनं दुसऱ्या हातानं पुसून पाहिली. ती निघाली नाही. हाताला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही.

संध्याकाळी सून आली ती दारातच थबकली. "आई, तुम्ही चक्क बसून?"

"हळू बोल. दमलाय तो," ताई कुजबुजली. "आणि हे बघ, उद्यापासून त्या खुर्चीत एक उशी ठेवत जा."