काळीच्या डोळ्यांवर हात

बाबांचा फोन आला तेव्हा मी वाडीला मोठ्या आईच्या मागच्या अंगणात होते आणि माझा उजवा हात काळीच्या डोळ्यांवर होता. काळी ही तिची सगळ्यात हट्टी कोंबडी. बाकीच्या अंधार पडायच्या आत आपणहून खुराड्यात शिरतात. ही पेरूच्या फांदीवर जाऊन बसते आणि रोज तिला उतरवून आणावं लागतं. ऑपरेशनला नेण्याआधी मोठ्या आईनं मला तेवढंच काम सांगितलं होतं. फोन खांद्याला दाबून मी ऐकलं. "मोठी आई गेली, बेटा," बाबा म्हणाले. भिंतीपलीकडच्या गोदामात एक ट्रक मागे येत होता. मी काळीच्या डोळ्यांवरचा हात काढला नाही. काढायची भीती वाटली.

मोठी आई म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. नरखेडकडच्या गावातून लग्न होऊन ती शहराच्या कडेच्या वाडीला आली. घर आणि गोदामाची भिंत यांच्यामध्ये अंगणाची जी पट्टी उरली होती, तिच्यात तिनं कोंबड्या पाळल्या. खुराडा म्हणजे मोटर काढलेला जुना लोखंडी कूलर, आणि अंडी उबवायला त्याच कूलरची जुनी खस, वाळ्याची. पाणी शिंपडलं की ती अजून वास द्यायची. आई-बाबा नोकरीला, म्हणून सुट्ट्यांमध्ये मला प्रताप नगरहून तिच्याकडे सोडत. मी इंग्रजी शाळेतली, घरीसुद्धा मोजकंच बोलणारी. "बोलत काहून नाही वं पोट्टे?" ती विचारायची. "मराठी नाही येत तर इंग्लिशमध्ये बोल. माह्या कोंबड्याईले सगळं समजते."

मी बोलत नसे, कारण मला तिथे सारखी धास्ती असे. घारीची सावली अंगणावरून सरकली की कोंबड्या ज्या आवाजात ओरडत त्याची, भिंतीखालच्या भोकातून येणाऱ्या मुंगसाची, अंड्यांवर खुडूक बसलेल्या कोंबडीच्या फुगलेल्या पिसांची. पिल्लं निघायच्या सुमारास तिनं एकदा खसमधून एक अंडं काढून माझ्या कानाला लावलं. ते गरम होतं. आधी काहीच नाही, मग आतून टकटक आणि अगदी बारीक चिवचिव... अंडं माझ्या हातून पडलंच असतं. इतक्या बंद जागेत कोणीतरी आहे आणि त्याला बाहेर यायचंय, हे मला सहन झालं नाही. "भेऊन राहिली का वं?" ती म्हणाली. "त्यालेही भेव वाटून राहिलं असन." आणि अंडं परत कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं.

कापायचं काम घरात तीच करायची. "तुह्या मोठ्या बाबाले रक्त पाहून चक्कर येते," ती मला सांगायची, ते ऐकत असतानाच. "खाताना नाही येत." आदल्या संध्याकाळपासून ती कोंबडीला दाणा देत नसे. सकाळी तिला काखेत घ्यायची आणि तळहात डोळ्यांवर ठेवायची. फडफडणारी कोंबडी हळूहळू सैल पडायची, मान खाली यायची. "तिले वाटते, रात्र झाली," मोठी आई हलक्या आवाजात म्हणायची, आणि दुसऱ्या हातानं सुरी उचलायची. पुढचं मी दाराआडून बघत असे. गरम पाण्यात बुडवून उपटलेली पिसं, जाळावर भाजलेली आणि हळद चोळलेली कातडी, आणि कधी कधी पोटातून निघणारी कवच नसलेल्या बलकांची माळ, मोठ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत. ती माळ ती मला बोलावून दाखवायची. मी बघायची, पण माझं लक्ष तिच्या हाताकडे असायचं. ज्या हातानं ती काळीसारख्या एखादीला झाडावरून उतरवून झोपवायची, तोच हात. कोंबडीला त्या अंधारात कसं कळणार, आज कुठली रात्र आहे...

एका उन्हाळ्यात मला ताप आला तेव्हा तिनं माझ्या डोळ्यांवर तोच हात ठेवला. त्याला राखेचा आणि कांद्याचा वास होता. मी ताठ झाले. तिला कळलं, आणि ती इतकी हसली की खाट हलली. "कापत नाही वं तुले," ती म्हणाली. "झोप."

यंदा तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. वॉर्डात ती सगळ्यांना हसवत होती. "इतक्या कोंबड्या साफ केल्या, आता माहा नंबर," असं तिनं नर्सला सांगितलं. नर्स म्हणाली, "काकू, असं नका बोलू." मोठे बाबा हसले, बाबा हसले. मी पायाशी उभी होते, म्हणून मला चादरीखाली तिच्या पायांची बोटं दिसत होती. ती एकमेकांवर घासत होती, थांबतच नव्हती. तिला कधी घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. सकाळपासून तिला काही खायला दिलं नव्हतं, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

स्ट्रेचरवर घेतल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. काळीचं सांगितलं. मग म्हणाली, "डोयावर हात ठेव माह्या."

माझा हात उचलेना. त्या हातानंतर काय काय होऊ शकतं हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं.

"ठेव ना वं," ती म्हणाली. "तू थोडीच कापत आहे."

मी ठेवला. तिच्या पापण्या तळहाताखाली फडफडल्या, पुन्हा फडफडल्या, मग थांबल्या. श्वास लांब झाला. पायांची बोटं सैल पडली. "ताई, हात काढा, न्यायचंय," असं कोणीतरी म्हणालं. मी काढला तरी तिनं डोळे उघडले नाहीत. मुद्दामच मिटून ठेवले असतील, असं मी स्वतःला अजूनही सांगते.

आता मोठे बाबा म्हणतात, इथे आता कोणी कापणार नाही, म्हाताऱ्या होऊ दे त्यांना. पण काळीसाठी झाडाशी हात वर करणं त्यांना जमत नाही, म्हणून ऑफिस सुटलं की मी वाडीला जाते. पेरूवरून तिला काढते, काखेत घेते, डोळ्यांवर हात ठेवते. कोंबडीची पापणी खालून वर येते. तळहाताला ती सरकताना कळते. काळी सैल पडते, जड होते. कूलरच्या दाराशी पोचेपर्यंत मला रोज तीच भीती वाटते. आत खसवर तिला ठेवते आणि तिथेच बसून राहते, हात तसाच. मग काढते.

डोळा मिटलेलाच असतो... आणि मग ती पापणी खाली सरकते, काळी माझ्याकडे बघते आणि मनगटावर कडकडून चोच मारते.