भिंतीला खिळा न ठोकणारं घर

पंच्याऐंशी वर्षांचे बाबा सोसायटीच्या लिफ्टमध्ये मापाची टेप लावून बसले होते आणि बाहेर तीन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन ताटकळत होत्या. मी त्यांच्या नव्या फ्लॅटची इंटिरियर डिझायनर. लाजेने मेले नुसती.

"साडेसहा फूट," बाबा म्हणाले. "तुझं कपाट साडेसात फुटांचं आहे, बेटी. बाहेर कसं काढणार?"

"बाबा, ते बाहेर काढायचंच नाहीये. भिंतीत फिक्स होणार."

"म्हणूनच नको."

वसईत मी वीस वर्षं हेच काम करते. इथले फ्लॅट लहान, त्यामुळे सगळी मदार फिक्स्ड फर्निचरवर. म्हणजे जागेवर बनवायचं आणि स्क्रूने भिंतीला जखडायचं. त्याने इंच न् इंच वाचतो. आणि हे सिंधी कुटुंब म्हणत होतं, भिंतीला हात लावायचा नाही. बाबांचा मुलगा दीपकभाई, त्यांचं कपड्यांचं दुकान. उल्हासनगरहून इकडे आलेले. जुन्या घरी मी माप घ्यायला गेले होते तेव्हाच चमकले होते. घड्याळ टीव्हीवर ठेवलेलं, आरसा भिंतीला टेकवलेला, कॅलेंडर फ्रिजच्या हँडलला. अख्ख्या घरात एक खिळा नाही.

"दीपकभाई, हे काय प्रकरण आहे?"

"आमच्यात नाही ठोकत."

"धर्मात आहे का काही?"

"असेल. बाबांनी कधी ठोकू दिला नाही, म्हणून मीपण नाही ठोकला. वास्तुवाल्याला विचारलं, तो म्हणाला असं काही नसतं. पण रिस्क कशाला?"

मी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुमचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," असं बोलूनही गेले. माझी जीभ ही अशी. दीपकभाई हसले. बाबाही हसले.

मग मी सगळी ड्रॉइंग्ज नव्याने केली. पलंग घडीचा. कपाटं दोन तुकड्यांत, खाली चाकं. देव्हारासुद्धा चाकांवर. आमचे मिस्त्री रामसजन कागद बघून म्हणाले, "मॅडम, ये घर है कि सर्कस?" मी म्हटलं, क्लायंट म्हणेल ती पूर्व दिशा.

खरी अडचण केली महेकने. दीपकभाईंची मुलगी, वय वर्षं दहा; आजोबांना तीही बाबाच म्हणते. एके दिवशी ती साइटवर आली आणि गुपचूप माझ्या हातात एक कागद कोंबला. हॉलचं चित्र होतं, आणि छताला टांगलेला झोपाळा.

"आंटी, तुमच्या कागदांत हे घाला ना. मी विचारलं तर बाबा नाही म्हणतील."

"झोपाळाच का गं?"

"शाळेत 'माझं गाव' प्रोजेक्ट आहे. सगळ्यांच्या गावच्या घरी झोपाळा आहे. आम्हाला गावच नाही. बाबा म्हणतात, आपलं गाव भारत. टीचर म्हणाल्या, एवढं मोठं नाही चालत."

मला हसू आवरेना. पण पोरीचे डोळे भरले होते, म्हणून आवरलं. तिचा कागद मी खरंच ड्रॉइंग्जमध्ये घातला.

बाबा एकेक कागद बघत होते. झोपाळ्यापाशी थांबले. मी मनात म्हटलं, झालं, आता ऑर्डर हातची गेली.

"हिंदोरो," ते म्हणाले. त्यांच्या भाषेत मोठ्या लाकडी झोपाळ्याला हिंदोरो म्हणतात. "कराचीला आमच्या घरी होता. सागवानी, पितळी कड्यांचा. आई त्यावर बसून भाजी निवडायची. फाळणी झाली, तेव्हा मी आठ वर्षांचा. एक ट्रंक घेऊन निघालो. हिंदोरो छताला. तो कसा निघणार? दारातून वळून बघितलं, तर तो हलत होता. आई नुकतीच त्यावरून उठली होती ना."

बाबांनी कागदावरच्या झोपाळ्यावरून बोट फिरवलं.

"पुढे ती कायम म्हणायची, जे उचलता येतं तेच आपलं."

दीपकभाई दारात उभे होते. पंचावन्न वर्षांचा माणूस, हे पहिल्यांदा ऐकत होता. कराचीचं जे घर त्यांनी कधी बघितलंही नव्हतं, त्याच्यासाठी त्यांनी जन्मभर कॅलेंडर फ्रिजला लटकवलं होतं. मला माझा विंचू आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली.

"कशाला? बरोबर बोललीस," बाबा म्हणाले. "हा झोपाळा कशावर लटकतो?"

मी अँकर फास्टनर दाखवला. जाड बोल्ट असतो. छताच्या बीममध्ये ड्रिलने भोक पाडायचं, तो आत घालायचा आणि पान्याने पिळायचा. पिळला की आतल्या आत फुगतो.

"मग काढायचा कसा?"

"नाही निघत. बीम फोडावा लागेल."

बाबांनी तो हातात घेऊन वजन केल्यासारखा पाहिला आणि खिशात टाकून निघून गेले. दोन दिवस फोन नाही. महेक रोज शाळेतून येताना साइटवर डोकावून जायची. तिसऱ्या दिवशी बाबा आले. टेप घेऊन. मी लिफ्टकडे धावले, तर ते हॉलमध्ये उभे राहून जमीन ते छत मोजत होते.

"चार लाव," ते म्हणाले. "दोनाने भागणार नाही. आमच्यातल्या बायका वजनदार आहेत."

पहिलं भोक त्यांनी पाडलं. शिडी रामसजननी धरली, बाबांना दीपकभाईंनी, आणि मी देवाचे पाय धरले. बाबा सिमेंटच्या भुकटीने पांढरेफटक झाले आणि लहान पोरासारखे खिदळायला लागले. आमच्या कामात लोड टेस्ट असते, झोपाळ्यावर सिमेंटची पोती ठेवून बघतात. पोती आम्ही ठेवलीच, पण खरी टेस्ट रविवारी वास्तुशांतीला झाली. उल्हासनगरहून आलेल्या चार काकवा एकदम बसल्या आणि बोल्ट तसूभर हलला नाही. माझ्या आईने आमच्या वाडीतली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, पाठवली होती, ती झोपाळ्यावरच फस्त झाली.

सोमवारी बाबांचा फोन. कपाटांची चाकं काढून टाक म्हणाले. कॅलेंडर मात्र अजून फ्रिजलाच आहे. दीपकभाई म्हणतात, सवय आहे, वेळ लागेल.

महेकने प्रोजेक्टमध्ये लिहिलं: 'माझं गाव वसई. आमच्या घरी झोपाळा आहे. तो निघत नाही.' बाबांनी 'वसई'च्या पुढे पेन्सिलने 'भारत' लिहिलं. टीचरनी दोन्ही चालवून घेतलं.

तेव्हापासून नव्या साइटवर मी आधी टेप काढत नाही. आधी चहा घेते आणि विचारते, याआधी कुठे राहत होतात, आणि त्याच्या आधी? भिंतीचं माप काय, नंतरही घेता येतं.