मेंढी हा शब्द चालत नाही

जुन्या जालन्यात धान्याच्या आडतींच्या गल्लीत जनावरांच्या औषधांचं ठोक दुकान आहे आमचं. आमचं म्हणजे राधेश्याम शेठचं. मी तिथं एकवीस वर्षं बिलं करतोय. दैवशाला आली तेव्हा शेठनं तिला एकच प्रश्न विचारला होता, "मराठी टायपिंग जमतं का?"

"जमतं," ती म्हणाली, "आन् मेंढराला काय झालंय ते बी कळतं."

शेठ हसले. दुसऱ्या गोष्टीचा त्यांना उपयोग नव्हता.

ती अंबडकडची, धनगराची. बाप लहानपणीच गेला. मामानं, राधाकिसननं, मेंढरं राखून तिला बी.ए.पर्यंत शिकवलं. लग्न होऊन ती जालन्यात आली, नवरा सळईच्या कारखान्यात लागला आणि ही आमच्याकडं. काम असं की गिऱ्हाइकांना मोबाईलवर दुकानाचे मेसेज पाठवायचे. ऐकायला सोपं आहे. पण दुकानाच्या नंबरावरून मनाला येईल ते लिहिता येत नाही. गिऱ्हाइकानं चोवीस तासांत आपल्याला काही लिहिलं नसेल तर त्याला फक्त मंजूर झालेला मजकूरच जातो. त्या मजकुराला टेम्प्लेट म्हणतात. तो आधी चॅटवाल्या कंपनीकडं धाडायचा, तिथलं यंत्र तो वाचतं आणि पास किंवा नापास करतं. मध्ये पुण्याची एक एजन्सी असते. तिथली साधना नावाची मुलगी फोनवर फार गोड बोलायची.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सोमवारी दुकान उघडलं आणि जंताच्या औषधाच्या कारखान्याचा मेल आला. एका लॉटच्या लेबलावर मेंढीचा डोस चुकीचा छापला गेला होता. पाच किलो वजनाला एक मिली द्यायचं, तिथं एका किलोला एक मिली छापलं होतं. पाचपट. त्या औषधाचा डोस वाढला की मेंढराचे डोळे जातात. दोनतीन दिवसांत जातात, आणि मग परत येत नाहीत. मेलमध्ये लिहिलं होतं, घेणाऱ्यांना ताबडतोब कळवा.

दोनशे बारा जणांनी त्या लॉटच्या बाटल्या नेल्या होत्या. पावसाळ्याआधी जंताचं औषध पाजायचे हेच दिवस. दैवशालानं मेल वाचला आणि उभीच राहिली.

"शेठजी, फोन लावते सगळ्याला."

"फोन?" शेठ म्हणाले. "दोनशे लोकांना फोन करून आमचं औषध खराब हाय म्हणून सांगणार? बाजारात बोंब होईल. मेसेज टाक. मेसेजचा रेकॉर्ड राहतो."

तिनं पाच मिनिटांत मजकूर लिहिला. मला वाचून दाखवला. 'निळ्या झाकणाचं जंताचं औषध मेंढ्या-शेळ्यांना पाजू नका. लेबलावरचा डोस चुकला आहे. मेंढी आंधळी होऊ शकते. बाटली परत आणा.' खाली लॉट नंबर. लहान पोरालाही कळेल असा मजकूर होता.

दहा मिनिटांत नापास होऊन आला. कारण काय, तर प्राण्यांच्या विक्रीला परवानगी नाही.

"इक्री कुठं करून राह्यले मी?" ती मला म्हणाली. मग पुण्याला फोन लावला.

"मॅम, मी समजू शकते," साधना म्हणाली. फोन स्पीकरवर होता. "सिस्टिमला मेंढी हा शब्द चालत नाहीये. शेळीपण काढा. जनावर लिहून बघा."

जनावर लिहिलं. दुपारी नापास. औषधाच्या विक्रीला परवानगी नाही. औषध काढलं, 'निळ्या झाकणाची बाटली' एवढंच ठेवलं. संध्याकाळी नापास. मद्याच्या विक्रीला परवानगी नाही. बाटली म्हणजे दारू, असं त्या यंत्राला वाटलं.

दैवशाला खुर्चीवर मागं टेकली. मी तिचं तोंड बघितलं. भाजीत अळी निघावी आणि घास तोंडात असावा, तसं झालं होतं.

मंगळवारी तिनं साधनाला विचारलं, "ताई, तिथं वाचायला कुणी माणूस हाय का?" साधना म्हणाली, अपील करता येतं मॅम, दोन-तीन दिवस लागतात. अपील केलं. त्याच दिवशी शेठनं तिला आणखी एक मजकूर दिला. 'पाच डबे घ्या, बादली मोफत मिळवा!' त्यात तीन फुलं, एक फटाका. तो दोन मिनिटांत पास झाला.

तिनं मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि माझ्याकडं आली. "भुजंगकाका, त्या लॉटच्या बिलावरचे नंबर छापून द्या मला. जेवणाच्या सुट्टीत माझ्या फोनवरून लावते."

शेठ गल्ल्यावर बसलेले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण पान उलटायचं थांबवलं. मी म्हणालो, "प्रिंटरची शाई संपली, बाई."

शाई संपलेली नव्हती. मग तिनंच स्वतःच्या फोनवरून, संगणकाच्या पडद्यावर बघून एकेक नंबर घालून, तोच खरा मजकूर पाठवायला घेतला. पस्तीसएक लोकांना गेला असेल. अनोळखी लोकांना एकच मजकूर जातोय म्हणून तिचा चॅटच बंद पडला. शेठला कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दैवशाला, पगार दुकान देतं ना?"

बुधवारी साधनानं स्वतः एक मजकूर लिहून दिला आणि तो पास झाला. 'नमस्कार. आपण आमच्याकडून घेतलेल्या मालाबाबत महत्त्वाची सूचना आहे. कृपया दुकानाशी संपर्क साधावा. धन्यवाद.' त्यात मेंढी नाही, औषध नाही, डोस नाही, डोळे नाहीत. वर त्या यंत्रानं त्याला जाहिरातीत टाकलं. म्हणजे ज्यांनी आमच्या बादलीच्या जाहिरातींना वैतागून जाहिराती बंद केल्या होत्या, त्यांना तो गेलाच नाही.

"गेला ना?" शेठ म्हणाले. "झालं तर मंग."

दैवशाला हो म्हणाली. हे ती पुढं मला स्वतःच सांगायची, की मी हो म्हणलं. दोन दिवस फोन समोर घेऊन बसले आणि शेवटी हो म्हणलं.

दुकानात उलट फोन आले सात. दोनशे बारांपैकी सात.

रविवारी तिला गावाकडून फोन आला. राधाकिसनमामाचा मेंढवाडा तेव्हा अंतरवाली सराटीच्या पुढं एका नांगरल्या रानात बसला होता. मामानं ते औषध अंबडला एका दुकानदाराकडून घेतलं होतं, आणि तो दुकानदार माल आमच्याकडून उचलायचा, बिलावर आपल्या गिऱ्हाइकांचे नंबर घालायला लावायचा. बिलावर मामाचा नंबर होता, नाव दुकानदाराचं. आता नंबर कुणाला पाठ असतात? ती यादी दैवशालानं दहा वेळा बघितली होती, मामाच्या नंबरावरून तिची नजर दहा वेळा फिरली होती.

ती एसटीनं अंबडला गेली, तिथून रिक्षानं रानात. तिथलं तिनं मला एकदाच सांगितलं. मेंढरं उभी होती. ऊन चढलं तरी सावलीला जात नव्हती, कारण सावली कुठाय ते दिसत नव्हतं. कोकरू ओरडलं की मेंढी वळायची आणि बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात तोंड घालायची. तोंडं रक्ताळलेली. डोळे उघडे, मोठे, आतून हिरवट. साठातली एकेचाळीस. मामी साखराबाई एकेका मेंढीचं तोंड धरून पाण्याच्या घमेल्यात बुडवत होती.

"मेसेज आल्ता मामा तुम्हाला?" तिनं विचारलं.

"आल्ता की. बुधवारी. बादलीचा आल्ता, त्याच्या मागं हा बी आल्ता. वाचून घेतला पोराकडून. म्हणलं इकायचं असंल काहीतरी. बिस्तरवारी पाजलं औषध."

सोमवारी ती मामाला घेऊन दुकानात आली. शेठनं खुर्ची दिली, चहा मागवला. मामा बसले नाहीत. दैवशालानं मोबाईलमधले फोटो शेठसमोर धरले. शेठनं ते नीट बघितले नाहीत. त्यांनी संगणक आपल्याकडं वळवून घेतला, मामाचा नंबर शोधला आणि पडदा मामाकडं केला.

"हे बघा राधाकिसनराव. बुधवार, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. निळ्या खुणा दिसून राह्यल्यात ना? तुम्ही वाचलेला हाय मेसेज. आम्ही कळवलं होतं."

मामांना वाचता येत नव्हतं. त्यांनी भाचीला विचारलं, "काय लिव्हलंय गं त्यात?"

तिनं वाचून दाखवलं.

"शेठ, ह्यात मेंढरू कुठंय?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघंही वळून बघायला लागली. शेठ मला म्हणाले, "भुजंगराव, कारखान्याचा भरपाईचा फॉर्म काढून द्या यांना." आणि गल्ल्याकडं वळले.

मी फॉर्म छापला. त्याच्याबरोबर दोनशे बारा नंबरांची यादीही छापली आणि दैवशालाच्या हातात दिली. तिनं माझ्याकडं बघितलं. प्रिंटरकडंही बघितलं. आभार मानले असते तर मला बरं वाटलं असतं. तिनं यादीची घडी केली, आणि बाहेर पायरीवर बसून पहिला नंबर लावला.

"निळ्या झाकणाची बाटली हाय का घरी? जंताची. पाजली का? न्हाई? मंग पाजू नका, दादा. लेबल खोटंय. जल्दी ठेवून द्या वर."

शेठ दोनदा दारात येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "उद्यापासून यायचं कारण नाही." तिनं हातानंच थांबा अशी खूण केली, कारण पलीकडून कुणीतरी बोलत होतं. दोन दिवस ती फोन करत होती, पहिला आमच्या पायरीवरून, दुसरा घरून. दीडशेच्या वर लोक सापडले. अठ्ठ्याऐंशी घरांत बाटली अजून फोडलेली नव्हती. अठ्ठ्याऐंशी. मेल आला त्या पहिल्या सोमवारीच फोन केले असते तर किती झाले असते, हा हिशेब तिनंही केला आणि मीही. आम्ही एकमेकांना आकडा सांगितला नाही.

ती मग मेल आणि फोटो घेऊन जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी अंबडच्या बाजारात भोंग्यावरून सांगायला लावलं, दुकानांतला उरलेला माल उचलायला लावला. अपिलाचा निकाल त्यानंतर नवव्या दिवशी आला. नापास. कारण पुन्हा तेच, प्राण्यांची विक्री.

मामाच्या आंधळ्या मेंढ्या खाटकानं नेल्या. भरपाईचा फॉर्म कारखान्याकडून दोनदा परत आला, सही कमी म्हणून.

दैवशाला आता पशुसखी आहे. अंबडच्या आसपासच्या पाच गावांत लसीची पेटी घेऊन फिरते, शेळ्या-मेंढ्यांना टोचते, औषधाचं माप आधी स्वतः वाचते आणि मगच पाजते. तिची जागा शेठनं भरली नाही. ते काम मीच करतो. मला आता कोणता शब्द चालतो ते बघावं लागत नाही, हात आपोआप तो टाळतो. साधना म्हणते, सर, तुमचे टेम्प्लेट पहिल्याच फटक्यात पास होतात. ते ऐकून मला माझ्याच बोटांची शिसारी येते, पण मी थँक्यू म्हणतो.

परवा अंबडच्या स्टँडवर ती दिसली. पेटी खांद्याला, पायात धुळीनं भरलेली चप्पल. मी हाक मारली.

"भुजंगकाका," ती म्हणाली, "तिथंच बसून राह्यलात का अजून?"

मी म्हणालो, "हो."

तिची गाडी लागली होती. ती चढली, पेटी मांडीवर घेतली आणि शेजारच्या बाईला तिच्या शेळीचं काय झालं ते विचारू लागली.