दिगूचे हात पाठीमागे

दिगू गेल्याचं कळलं तेव्हा मी जेवत होतो. आता बोला! ज्या माणसानं जन्मभर मला अर्ध्या पोटी ताटावरून उठू दिलं नाही, त्याच्याच बातमीनं हातातला घास राहिला... महिना होत आला, माझा राग काही गेला नाही.

कुहीकडचा हा धानवाल्या शेतकऱ्याचा पोरगा नोकरीसाठी नागपुरात आला आणि धरमपेठेत माझा शेजारी झाला. आग्रह करकरून वाढणं हा त्याचा एकुलता एक दुर्गुण. "पुरे" हा शब्द त्याला ऐकूच येत नसे. वयाच्या सत्तरीच्या सुमारास त्यानं हंसाची चार पिल्लं आणली आणि त्यांनाही पाहुण्यांसारखंच वाढू लागला... शेंगदाण्याची ढेप म्हणजे पेंड, भिजवलेली डाळ, वरून उकडलेलं अंडं. मी म्हटलं, "अबे, गवत खाणारी जात हाये हे." तर म्हणे, "खाऊ दे न गा, वाढतं अंग हाये!" पिल्लं अशी काही गुबगुबीत झाली की बघत राहावं. आणि एका सकाळी पाहतो तर चौघांचेही पंख टोकाकडून बाहेर वळलेले. दिगूचं तोंडच उतरलं.

गुरांच्या डॉक्टरांनी त्याला चांगलंच झापलं. प्रोटीन जास्त झालं, पिसं भराभर वाढली, कोवळ्या सांध्याला त्यांचा भार पेलेना. ढेप बंद, नुसता हिरवा चारा, आणि पंख लगेच बांधा. हाड पक्कं झालं की मग उपाय नाही. वहिनींनी जुन्या निळ्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, आम्ही पंख घडी करून बांधले. खरी परीक्षा पुढेच होती. दिगू दिसला की पिल्लं माना लांब करून ढेपेसाठी कल्ला करत, आणि हा गडी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा! डोळ्यांत पाणी. "मले नाई पाहावत गा. काहून मी लेकरायचे हाल करून राहिलो?" वहिनी आतून ओरडायच्या, "हात मागंच ठेवा!"

पट्ट्या सोडल्या त्या दिवशी तिघांनी पंख झटकले आणि सरळ मिटले. दिगू अंगणात चक्क नाचला. चौथीचा एक पंख मात्र तसाच राहिला. तिचं नाव त्यानं ढेपाबाई ठेवलं आणि तिला शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं पालक भरवला. त्यानंतर पंगतीत कुणी "पुरे" म्हटलं की दिगू झटकन हात पाठीमागे घेई, आणि आम्ही हसून बेजार होत असू.

परवा वहिनींकडे गेलो. त्यांनी जेवायला बसवलं. तिसरी पोळी घेऊन आल्या, मी सवयीनं "पुरे" म्हटलं. वहिनी थांबल्या, जराशा हसल्या आणि पोळीसकट हात पाठीमागे नेले. अंगणात म्हातारी ढेपाबाई कोकलत होती. मला राहवेना. मी ताट पुढे केलं.

"वाढा वहिनी," म्हटलं, "आज पुरे म्हणणार नाही."