पोचा पडलेली डबी

चौसाळ्याहून मी निघाले त्या दिवशी आप्पा दमणीमागून वेशीपर्यंत चालत आले. माय घरातच बसून राहिली. नवरा प्लेगात गेलेल्या माझ्यासारख्या पोरीला शहरात धाडायचं, हे तिच्या गळी उतरत नव्हतं. वेशीपाशी आप्पांनी गाडी थांबवली आणि माझ्या गळ्यातली चांदीची डबी चाचपून पाहिली. आम्ही लिंगायत, वाणी. मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात अशा डबीतून लिंग बांधतात, आणि माणूस गेलं की तेच लिंग त्याच्या हातात देऊन मातीत बसवतात. मधल्या काळात ते अंगावेगळं करायचं नाही. माझ्या डबीला झाकणावर पोचा होता. लहानपणी दुकानातलं वजन तिच्यावर पडलं होतं.

"काय बी शीक, कुनाची बी सेवा कर," आप्पा म्हणाले, "पर हे उतरू नको. उतरलंस तर ह्या घराचं दार तुला न्हाई."

मी मान हलवली. एवढंच ना, असं वाटलं.

तुम्ही गावातच राहिलात, तुम्हाला हैदराबादेतली नर्सिंगची शाळा काय सांगू! सकाळी बिस्तरांच्या घड्या करायच्या, फरशी फिनेलनं पुसायची, कात्र्या उकळायच्या. उर्दूत औषध मागायचं, इंग्रजीत शिव्या खायच्या. आणि जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांना हेही ठाऊक असेल की नव्या गावात माणूस आधी गळ्यातलं लपवायला शिकतं. ऑपरेशनच्या खोलीत गळ्यात काही चालत नसे. नाभीखाली लिंग जाऊ द्यायचं नाही, म्हणून मी डबी दंडाला बांधून वर झंपराची बाही ओढून घ्यायचे. शाळेच्या बड्या बाईंना दिसायचं, पण त्या चालवून घेत.

दुसऱ्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंबरोबर मला आमच्याच जिल्ह्यातल्या एका लहान दवाखान्यात कामाला धाडलं. पुन्हा 'हाय' आणि 'न्हाई' कानावर पडायला लागलं आणि मला उगाचच रडू फुटलं. सुट्टीत घरी जायचे बेत मी तिथंच रचले.

तिथं गिरजा आली. दिंद्रुडच्या वाण्यांची सून, माझ्याच वयाची. मूल आडवं आलेलं, सुईणीनं हात टेकलेले, गाडीत आणताना अर्धी मेलेली. पोट उघडायला हवं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोट उघडायचं तर तिच्या अंगावर दोराही चालणार नव्हता. मी तिच्या गळ्याकडे हात नेला तशी तिनं डबी मुठीत आवळली.

"स्वामींना इचारल्याबिगर न्हाई," सासू म्हणाली. "बिनलिंगाची मेली तर हिला माती कोन देईल?"

गिरजाचा नवरा मठातल्या स्वामींना, त्यांच्या गुरूंना, आणायला गेला. दुपार कलली तरी त्याचा पत्ता नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "आता नाही तर कधीच नाही." मला त्या सासूचा संताप आला होता. पण ती भीत होती ते खोटं नव्हतं, हे त्या दवाखान्यात एकट्या मलाच कळत होतं.

मी गिरजापाशी बसले. "मी बी लिंगायतच हाय," म्हणून बाही वर करून दंडावरची डबी दाखवली. तिनं ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"मंग तुजी बी उतर," ती म्हणाली. "दोनी संगं ऱ्हाऊ दे. तवा माजा इसवास."

आप्पा डोळ्यांपुढं उभे राहिले. आणि गिरजा कळ येऊन पुन्हा वाकडी झाली. मी दोरा सोडला. दोन्ही डब्या सासूच्या पदरात घातल्या.

मुलगी जगली. गिरजा क्लोरोफॉर्ममधून उठलीच नाही.

सासूनं टाहो फोडत पदरातली एक डबी सुनेच्या मुठीत कोंबली, दुसरी माझ्या अंगावर फेकली आणि प्रेत नि नात न्यायला गाडी जुंपायला लावली. रक्ताचे हात धुवून मी डबी उचलली, दंडाला बांधायला गेले, तर बोटाला पोचा लागेना. झाकण गुळगुळीत. गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. मागं धावून काय करणार होते? गेलेल्या बाईची मूठ उघडायची, की पुरल्यावर माती उकरायची? स्वामी आले ते तिला माती द्यायलाच.

गोष्ट माझ्या आधी चौसाळ्याला पोचली. सुट्टीत गेले तेव्हा आप्पा उंबऱ्यातच उभे होते.

"उतरलं व्हतंस?"

"व्हय, आप्पा."

त्यांनी माझ्या गळ्यातली डबी हातात घेतली. झाकणावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"ही तुजी न्हाई. तुजी कुटं हाय?"

"दिंद्रुडला. मातीत."

त्यांनी डबी सोडून दिली. मला वाटलं ते चिडतील, मारतील. "ज्याचं लिंग मातीत गेलं, ते मानूस बी गेलं, पोरी," एवढंच बोलून ते आत वळले आणि त्यांनी कडी घातली. आतून मायचा आवाज आला. मेलेल्या लेकीसाठी रडतात तसं ती रडत होती, आणि मी बाहेर उभी राहून ते ऐकत होते.

आता शहरातच असते. रोज सकाळी गिरजाचं लिंग तळहातावर घेते, पूजा करते, मग ड्यूटीवर जाते. बायका बाळंत होतात, काही मरतात. कधीतरी एखादी माझ्या बोलण्यावरून ओळखते आणि गाव विचारते. पूर्वी मी चौसाळा सांगायचे. आता दिंद्रुड सांगते. त्या गावात मी अजून पाऊल टाकलेलं नाही.