पाळीखालची खोली

पंचेचाळीस वर्षांची होईपर्यंत जमुनाबाई आगगाडीत बसली नव्हती. तिचा नवरा बकाराम नवेगावच्या तलावाचा पाणकर होता. कोणाच्या धानाच्या बांधीत किती पाणी सोडायचं, हे तो पाहायचा. तो गेला तेव्हा तिच्याजवळ दोनच गोष्टी उरल्या. एक मुलगी शामकला, आणि दुसरी नवऱ्यामागे तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालता चालता अंगात मुरलेली पाण्याची समज.

शामकला लग्न होऊन थेट भोपाळला गेली. जावई घनश्याम तिथल्या एका छापखान्यात होता. १९३५ सालच्या माघात त्याचं पत्र आलं, ते शाळेच्या ईश्वरदास मास्तरांनी वाचून दाखवलं. शामकलेचे दिवस भरत आले होते, पाय सुजले होते, माहेरी पाठवायची सोय नव्हती आणि घरात दुसरी बाई नव्हती. शेवटी एक कुरकुर होती : तलावाच्या पाळीखाली खोली घेतली आहे, पण भिंतीला बारा महिने ओल असते.

"पहिली खेप, अन् पोरगी एकटी," जमुनाबाई म्हणाली. "उद्याच निघा लागते."

"भोपाळ म्हंजे का साकोली होय? तीन ठिकाणी गाडी बदला लागते."

"मंग सांगा ना नावं."

मास्तर सांगत गेले, ती पदराला गाठी मारत गेली. गोंदिया, नागपूर, इटारसी. मग तिने चौथी मारली.

"हे कायची?"

"पोरीच्या दाराची."

चिन्नोर तांदळाची पुरचुंडी, हळद आणि डिंक घेऊन ती निघाली. गोंदियाला एका हमालाने तिला हाताला धरून मोठ्या गाडीत बसवलं. नागपूरला एका परक्या बाईने आपल्या मुलाला मांडीवर घेऊन तिला जागा दिली. इटारसीला पाणीवाल्याने गाडी येईपर्यंत तिच्याकडे लक्ष ठेवलं. प्रत्येक ठिकाणी तिने गाठ पुढे केली, आणि प्रत्येकाने ती हसत हसत सोडवून दिली.

भोपाळला ती पोचली शुक्रवारी. छापखान्याला कुलूप. नवाबाच्या राज्यात शुक्रवारी सुट्टी असते, हे नवेगावात कोणाला ठाऊक? आणि घराचा पत्ता म्हणजे तलाव.

टांगेवाला म्हातारा होता. "अम्मा, आधा शहर ताल के किनारे बसा है. किधर ले चलूँ?"

जमुनाबाईने समोर पाहिलं. पाणी पार क्षितिजाला टेकलं होतं. नवेगावचा तलाव त्यापुढे पोरासारखा वाटला. तिकडे पोरगी कळा देत असेल आणि आई इथे टांग्यात! मग तिने मन आवरलं आणि बकाराम पाहायचा तसं पाणी पाहिलं. डोंगर पलीकडे, म्हणजे पाणी तिकडून येतं. ते अडवलंय ते खालच्या अंगाला.

"बांध किधर हाय? माणसानं घातलेला?"

"ताल तो अल्लाह का है, अम्मा."

"तलाव देवाचाच होय, बाबा. पन पाळ माणसाचीच राहते."

म्हातारा खूप हसला आणि टांगा वळवून थेट पाळीखाली नेला. वाटेत तिने पोरीचं सांगितलं होतं, म्हणून भाडं घेईना. "बच्चा हो जाए तो दुआ देना," म्हणाला.

खाली उतरताच तिच्या पायाला गार ओल लागली. गवत हिरवंगार होतं. कुठून तरी पाझर होता. पत्रातली ओली भिंत त्याच्याजवळच असणार, म्हणून ती त्याच्या कडेकडेने चालत गेली. पाझराच्या डबक्यावर चमेली नावाची धोबीण कपडे आपटत होती.

"यहाँ गोंदियावाली पोरगी राहते का? पेटवाली?"

"शामकला?" चमेलीने हातातलं धोतर तसंच टाकलं. "अरी, तू उसकी माँ है! रात से दरद में है. चल!"

दारात पोचल्यावर जमुनाबाईने चौथी गाठ सोडायला घेतली, तर ती घट्ट बसली होती. चमेलीने ती दातांनी सोडली. भिंत खरंच ओली होती. आतून शामकलेचा आवाज आला, "माय?"

"आली वं, आली. आता कायले भेतेस?"

दिवेलागणीला नात झाली.

पुढे जमुनाबाई बारा वर्षं जगली. दर माघात चिन्नोरच्या दोन पुरचुंड्या भोपाळला जायच्या, एक नातीला आणि एक चमेलीला. गावातल्या बाया विचारायच्या, "एवढ्या मोठ्या शहरात जाऊन का पाह्यलंस वं?"

"मानसं पाह्यली," ती म्हणायची. "अन् एक ओली भिंत."