बर्फाचं ऊन

मे महिन्यात नागपूर विमानतळावर आईने माझ्या पर्समध्ये कांदा कोंबला, ऊन लागू नये म्हणून. विमानात कसलं ऊन, असं बाबा म्हणाले. पण तिच्यापुढे कोणाचं चाललंय? डोळ्यांवर दुपट्टा ओढून घेत जा, हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. रडली मात्र नाही. मीही नाही.

परदेशात आधी तुम्हा मित्रमंडळींच्या शुगर लँड शहरात राहिले; तिथलं ऊन ओळखीचं होतं. पुढे डोळ्यांची डॉक्टर म्हणून मी अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात नोकरी घेतली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "यार, तिकडे इंडियन ग्रोसरीसुद्धा नाही." खरंच नाही. एवढ्या थंडीत डोळ्यांना काय होतं, असंही विचारता. आपण नागपूरकर ऊन कातडीने मोजतो. चटका नाही म्हणजे ऊन नाही. इथे बर्फावरून उलटून येणारा उजेड डोळे भाजतो, वाऱ्याबरोबर बर्फाचे कण येतात, आणि वर्षानुवर्षं हे सोसून बुबुळावर पिवळट, गढूळ थर चढतो. इथले इनुपियाक लोक पूर्वी लाकडाला बारीक चीर पाडून त्याचे चष्मे करत. तरी म्हातारपणी काहींना सगळं धुरकट दिसू लागतंच.

माझ्या शेजारच्या मार्थाचं तसंच झालं. मी आले तेव्हा तिला थोडंफार दिसायचं, पुढे ती मला आवाजावरूनच ओळखायला लागली. शिकारीच्या होडीला सीलचं कातडं चढवतात, आणि ते गावातल्या बायका शिवतात. टाका चुकला की होडीत पाणी. गेल्या वर्षी सुनेने तिची शिवण उसवून पुन्हा घातली. त्यानंतर मार्था शिवायला गेलीच नाही.

ऑपरेशनसाठी विमानाने अँकरेजला जायला ती तयार नव्हती. गाव सोडलेलं माणूस परत येतंच असं नाही, म्हणायची. मीही त्यातलीच. तरी मागे लागले, हिवाळ्यातली अपॉइंटमेंट घेतली आणि सोबत गेले.

डोळा बरा झाल्यावर एका सकाळी ती माझ्या दारात आली. बराच वेळ नुसती बघत राहिली.

"तू म्हातारी व्हायला लागलीस की. केस पांढरे झालेत," म्हणाली, आणि कातडं शिवायला निघून गेली.

त्याच रविवारी व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अगदी तश्शीच आहेस गं, गेलीस तेव्हा होतीस तशी." मी तिचं बोलणं खोडलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र रडले.

आता घर कोणतं, असं तुम्ही विचारता. आईच्या घरात माझं वय अजून वाढलेलं नाही. इथे वाढलंय, आणि ते कोणीतरी पाहिलंय. तेव्हा बहुतेक हेच.